कोल्हापूरची तालीम आणि आरोग्याचा समग्र विचार

शरीर, मन, आहार, झोप, माणसांची सोबत आणि जगण्याकडे पाहण्याची दृष्टी या सर्वांचा एकत्र विचार करून आरोग्य राखण्याच्या पद्धतीला आज ‘समग्र आरोग्य’ किंवा ‘होलिस्टिक हेल्थ’ असे नाव मिळाले आहे. गेल्या काही दशकांत तिच्याभोवती शिबिरे, चूर्णे, तेले, मोबाइल ॲप आणि महागडी निवासी केंद्रे यांचा मोठा बाजार उभा राहिला आहे. मात्र या विचाराचा गाभा समजून घेण्यासाठी कोल्हापूरकरांना तरी दूर जाण्याचे कारण नाही. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग यांसारख्या ज्या तालमींची नावे कुस्तीशौकिनांच्या तोंडी असतात, त्या तालमींनी कित्येक पिढ्या तरुणांचा व्यायाम, आहार, झोप, मनाची शिस्त आणि सहवास एका छपराखाली सांभाळला. यांतल्या कोणत्या गोष्टी आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर टिकतात आणि कोणत्या टिकत नाहीत, हे नीट तपासले, तर औषधापलीकडच्या आरोग्याविषयी पुष्कळ काही हाती लागते.

समग्र दृष्टी म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. रोग म्हणजे शरीरातील एखाद्या अवयवाचा बिघाड आणि उपचार म्हणजे त्या बिघाडाची दुरुस्ती, या भूमिकेवर आधुनिक वैद्यकाची विसाव्या शतकातील अफाट प्रगती उभी राहिली, आणि देवीचे निर्मूलन व क्षय, न्यूमोनिया यांच्यावरचे प्रभावी उपचार हे तिचेच यश आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये अमलात आलेल्या आपल्या घटनेत, केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याची पूर्ण अवस्था म्हणजे आरोग्य, असे मानले. आणि १९७७ मध्ये जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरने जैविक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी रुग्णाकडे पाहिल्याखेरीज आजार उलगडत नाही, अशी मांडणी केली. आयुर्वेदाने हीच दिशा फार पूर्वी धरली होती. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे शरीराचा भार पेलणारे आधार, म्हटले आहे. कुस्तीगीराच्या दिनक्रमाशी हे तीन शब्द ताडून पाहिले, म्हणजे तालमीची रचना कोणत्या विचारावर उभी आहे हे ध्यानात येते.

कोल्हापुरात या परंपरेला संस्थेचे रूप आले ते प्रामुख्याने राजर्षी शाहू महाराजांच्या काळात. १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत त्यांनी देशभरातील मल्लांना आश्रय दिला, तालमींना मदत केली, आणि १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून आल्यानंतर खासबागेचे गोलाकार कुस्ती मैदान उभारले, जे १९१२ मध्ये खुले झाले. महाराज स्वतः मल्ल होते, पण त्यांच्या दृष्टीने कुस्ती हा दरबारी करमणुकीचा विषय नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील पैलवानांना त्यांनी जात न सांगणारी नवी बिरुदे देऊन आखाड्यात उतरवले, आणि ज्या समाजात स्पर्शालाच बंदी होती, त्या समाजात अंगाला अंग भिडवणारा खेळ सर्वांसाठी खुला केला. सामाजिक स्वास्थ्य हा शब्द वैद्यकाच्या व्याख्येत येण्यापूर्वी तो कोल्हापूरच्या तांबड्या मातीत अशा रीतीने उतरला होता, ही गोष्ट आरोग्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

तालमीचा दिनक्रम भल्या पहाटे सुरू होतो. पैलवान हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीने भरलेल्या आखाड्यात, उतरतो तेव्हा आधी मातीला नमस्कार करतो, मग फावड्याने ती माती खणून मऊ करतो, आणि हे खणणे हाच खांदे, पाठ व मांड्या यांचा पहिला व्यायाम असतो. या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे पदार्थ मुरवलेले असतात, त्यामुळे ती भुसभुशीत आणि ओलसर राहते व पडणाऱ्याला कमी लागते. त्यानंतर सरावाच्या कुस्त्या होतात. जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे, मुद्गल फिरवणे यांची मेहनत होते. मग मालिश, स्नान, खुराक आणि दुपारची झोप. संध्याकाळी पुन्हा मेहनत, आणि रात्री लवकर अंथरूण. खुराकात दूध, तूप, भाकरी, मटण, अंडी यांच्याबरोबर बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी वाटून केलेली थंडाई असते. या सगळ्यावर वस्तादांची नजर असते; कोणाचा श्वास लवकर फुलतो, कोणाची झोप अपुरी आहे, कोण वाईट संगतीला लागला आहे आणि कोण घरच्या चिंतेने खचला आहे, हे त्यांना पोराच्या चालण्यावरून कळते, असे जुने पैलवान सांगतात. एका माणसाच्या शरीराकडे, ताटाकडे, झोपेकडे आणि मनाकडे रोज एकाच जाणत्या माणसाचे लक्ष असणे, ही सोय आज मोठ्या खर्चाच्या आरोग्यसेवेतही क्वचितच मिळते.

या दिनक्रमातील व्यायामाचा भाग विज्ञानाने सर्वांत भक्कमपणे उचलून धरला आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही आत ओढून घेऊ शकतो, आणि चांगल्या व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. म्हणूनच रोजची बैठक ही केवळ मांड्यांची ताकद वाढवणारी क्रिया नसून मधुमेहाला दूर ठेवणारा उपायही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस अगदी साधी आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. या शिफारशीचा पहिला भाग रंकाळ्याभोवती पहाटे फिरणारे शेकडो कोल्हापूरकर पाळतात. दुसऱ्या भागाकडे मात्र चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि म्हातारपणी पडून हाड मोडण्यामागे हाडांच्या ठिसूळपणाइतकाच दुबळ्या पायांचा हात असतो. मोजक्या बैठका, तोल सांभाळून आणि गुडघे सोसतील इतक्याच, हा तालमीने सर्वसामान्यांना दिलेला मोलाचा वारसा ठरू शकतो. येथे आयुर्वेदाचे एक सूत्र मदतीला येते: व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्याइतकाच करावा, असे सुश्रुत आणि वाग्भट दोघेही सांगतात. स्पर्धेच्या मल्लाला हे सूत्र पुरणार नाही, परंतु दुकानदाराला, शिक्षकाला आणि निवृत्त कारकुनाला ते नेमके लागू पडते.

मनावरील ताणाचे शास्त्र तुलनेने अलीकडचे आहे. धोका समोर आला की शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी क्षणात सज्ज होते, हे वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवले, आणि हा ताण लांबत गेला तर शरीर आतून झिजू लागते, ही कल्पना हान्स सेली यांनी १९३६ पासून पुढे आणली. या सज्जतेत ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणारी रसायने, हृदयाचे ठोके व रक्तातील साखर वाढवतात, स्नायूंकडे रक्त वळवतात आणि पचनाला मागे सारतात. जंगलात वाघ दिसल्यावर हे उपकारक असते. परंतु कर्जाचा हप्ता, उसाचे थकलेले बिल, मुलाची प्रवेशपरीक्षा किंवा सासर-माहेरचा वाद या धोक्यांशी लढताही येत नाही आणि त्यांच्यापासून पळताही येत नाही, म्हणून शरीर महिनोन्‌महिने सज्ज राहते आणि रक्तदाब, निद्रानाश, आम्लपित्त, चिडचिड यांच्या रूपाने त्याची किंमत मोजते. तालमीत ही सज्जता रोज श्रमाने वापरली जाते आणि नंतर मालिश, स्नान व विश्रांतीने शांत होते. ताण चढतो तसा तो उतरण्याची हमखास वेळ दिनक्रमातच असणे, यात तालमीच्या मानसिक आरोग्याचे मर्म आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२४ मध्ये छापलेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात चालणे, धावणे, योग आणि ताकदीचा व्यायाम यांनी नैराश्याची लक्षणे लक्षणीय कमी होत असल्याचे आढळले, आणि व्यायाम जितका जोरकस तितका परिणाम अधिक, असेही दिसून आले.

श्वासाचे महत्त्वही याच संदर्भात समजून घेता येते. मिनिटाला सुमारे सहा इतका संथ श्वास घेतला असता व्हेगस या चेतातंतूद्वारे हृदयाची गती मंदावते आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची स्वाभाविक यंत्रणा अधिक सक्षमपणे काम करते. याचा अभ्यास जगात ज्या संस्थांनी प्रथम हाती घेतला, त्यांत लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे स्थान अग्रभागी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, आणि उड्डियान व नौली या क्रियांत पोटात नेमके काय घडते, हे क्ष-किरणांच्या व दाबमापनाच्या साहाय्याने तपासण्याचा उपक्रम चालवला. कुवलयानंदांचे व्यायामाचे प्रारंभीचे शिक्षण बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात, राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली झाले होते, ही बाब येथे फार अर्थपूर्ण आहे. सातारा भागातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार हा व्यायाम म्हणून शाळाशाळांत रुजवला; पुण्यात १९३७ मध्ये आलेले बी. के. एस. अय्यंगार यांना तेथे बोलावण्यामागे डेक्कन जिमखाना ही क्रीडासंस्था होती. महाराष्ट्रात योग मठाच्या एकांतातून निघून लोकांच्या घरात पोहोचला, तो अशा रीतीने व्यायामशाळांच्या दारातून. योग आणि तालीम यांना दोन वेगळ्या जगांच्या गोष्टी मानण्याची आजची रीत त्यामुळे इतिहासाला धरून नाही.

व्यायाम आणि श्वास यांच्याइतकाच महत्त्वाचा, आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित, घटक म्हणजे माणसांची सोबत. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे आणि तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते त्यांची अभ्यासकाळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंधांविषयी स्वतंत्र आयोग नेमला, तो याच जाणिवेतून. कोल्हापुरात ‘तालीम’ या शब्दाला कुस्तीपलीकडचा अर्थ आहे, तो येथेच उपयोगी पडतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळांची नावे आज शहराला फुटबॉलचे संघ म्हणून अधिक परिचित आहेत आणि त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम खच्चून भरते. गल्लीतील गणपती तालमीचा असतो, मोहरमचे पंजेही तालमींत बसतात, आणि बाबूजमालसारख्या तालमीत हिंदू व मुसलमान दोघांचीही श्रद्धा एकत्र नांदते. लग्न, मयत, महापूर अशा प्रत्येक प्रसंगी तालमीची पोरे धावून येतात. २०१९ च्या महापुरात शहराने हे अनुभवले.

या सोबतीचे बळ किती असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मल्ल खाशाबा जाधवांचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत त्यांनी मिळवलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. जिद्द हा गुण व्यक्तीच्या मनात आपोआप उगवतो आणि सकारात्मक विचारांनी वाढतो, असे आजची प्रेरणादायी भाषणे सांगतात. खाशाबांच्या आयुष्यात मात्र त्या जिद्दीच्या मागे एक वस्ताद, एक प्राचार्य आणि एक अख्खे गाव उभे असल्याचे स्पष्ट दिसते.

परंतु तालमीची स्तुती करताना तिच्या उणिवा झाकणे आरोग्याच्या दृष्टीने घातक ठरेल. पहिली उणीव खुराकाची आहे. दिवसाला शेकडो बैठका मारणाऱ्या तरुणाचे तूप, बदाम आणि मटण त्याच्या अंगी लागते, पण कुस्ती सुटल्यावर जेव्हा मेहनत थांबते आणि ताट मात्र तसेच राहते, तेव्हा तोच खुराक वजन, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या रूपाने अंगावर येतो; कुस्ती सोडलेल्या मल्लांना आहार उतरवण्याचे पद्धतशीर मार्गदर्शन मिळाले पाहिजे. गंगावेस किंवा मिरजकर तिकटीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दिले जाणारे धारोष्ण दूध ही शहराची शान आहे, तथापि न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय यांसारखे आजार पसरू शकतात, म्हणून ते उकळून पिणे शहाणपणाचे. निखळलेला सांधा जागेवर बसवण्याची कला अनेक वस्तादांना अवगत असते आणि तिचा उपयोगही झालेला आहे. मात्र हाडाला तडा गेला आहे की नाही, हे क्ष-किरण काढल्याशिवाय बोटांना कळत नाही. सर्वांत चिंतेची बाब आहे ती इंजेक्शनांची. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमाइन, तसेच स्नायू फुगवणारी स्टेरॉइड, यांचा गैरवापर जिमपासून आखाड्यापर्यंत पोहोचला आहे. हृदय, यकृत आणि मन या तिघांनाही त्यांची झळ बसते, आणि मेहनतीवर उभ्या असलेल्या परंपरेचा त्यात सरळसरळ अपमान आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. तालमीची दारे स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या बंद होती. मुरगूडसारख्या ठिकाणी मुलींची कुस्ती आता जोमाने रुजली आहे, ही आनंदाची गोष्ट असली, तरी शहरातील सामान्य गृहिणीला, शिवणकाम करणाऱ्या बाईला किंवा शेतमजूर स्त्रीला व्यायामाची हक्काची जागा आजही मिळत नाही, आणि तिचे घरकाम हाच तिचा व्यायाम, हा समज तिच्या पाठदुखीइतकाच जुना आहे. स्त्रियांनी आपले समग्र आरोग्य वेगळ्या वाटेने सांभाळले. श्रावण-भाद्रपदातील झिम्मा, फुगडी आणि मंगळागौरीचे खेळ यांत दम, लय, हसणे आणि मैत्रिणींची संगत एकत्र येते. जात्यावरच्या ओव्यांत तर मनाचा ताण शब्दांत मोकळा करण्याची अजोड सोय होती. पहाटेच्या अंधारात, दुसरे कोणी ऐकत नसताना किंवा शेजारीण साथीला असताना, बाई आपले सासर, आपला भाऊ, आपली लेक, आपले दुःख गाऊन सांगत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तो संग्रह म्हणजे मराठी स्त्रीच्या मनाचा सर्वांत मोठा दस्तऐवज आहे. घरोघरी गिरणीचे पीठ आले, बाईच्या हातांचे कष्ट वाचले आणि ते वाचलेच पाहिजेत. पण त्याबरोबर मन मोकळे करण्याची ती वेळही गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

तिसरी उणीव मनाच्या आजाराविषयीच्या मौनाची. पाठ टेकली की हरलो, हे हजारो लोकांसमोर मान्य करून, प्रतिस्पर्ध्याच्या हातात हात देऊन बाहेर पडणे ही तालमीने दिलेली मोठी शिकवण आहे, आणि पराभव पचवण्याचे असे शिक्षण शाळा-कॉलेजांत कुठेही मिळत नाही. तरीही पैलवानाने रडायचे नसते, खचायचे नसते, या समजुतीमुळे नैराश्य, चिंतारोग किंवा व्यसन याविषयी बोलणे कमीपणाचे मानले गेले. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आणि त्यांपैकी बहुसंख्यांना उपचार मिळत नसल्याचे दिसून आले. मनाच्या घडणीसाठी महाराष्ट्रात चांगली साधने उपलब्ध आहेत. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि ठाण्याच्या आय.पी.एच. या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तिचा प्रसार केला. घटना माणसाला थेट दुःखी करत नाही, त्या घटनेविषयीची हट्टी समजूत त्याला दुःखी करते, असा तिचा सारांश आहे. उदाहरणार्थ, कुस्ती हरणे ही घटना. ‘मी हरता कामा नये, हरलो तर मी कुचकामी’ ही समजूत. आणि त्यातून येणारे नैराश्य हा परिणाम. समजूत तपासली आणि ‘जिंकावेसे वाटते, पण हरलो तरी मी संपत नाही’ अशी ती बदलली, तर दुःख उरते, परंतु माणूस मोडत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक तालमीच्या भिंतीवर हनुमंताच्या तसबिरीशेजारी लिहिलेला असावा.

औषधापलीकडच्या उपायांची मर्यादा कोठे येते, हे ठामपणे सांगणे लेखकाचे कर्तव्य आहे. घाट उतरून कोकणात गेले की तांबड्या विंचवाचा दंश पूर्वी अनेकांचा, विशेषतः लहान मुलांचा, जीव घेत असे आणि उपाय म्हणून मांत्रिक गाठला जाई. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे औषध या दंशावर वापरून दाखवले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. सर्पदंशावर प्रतिविष, क्षयावर पूर्ण मुदतीची औषधे, पहिल्या प्रकारच्या मधुमेहावर इन्सुलिन, यांना पर्याय नाही. ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले सारे निरुपद्रवी असते, हाही भ्रम आहे. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात असल्याचे २००४ च्या अभ्यासात आढळले होते, आणि सांधेदुखीवर जादूसारखा गुण देणाऱ्या बेनामी पुड्यांत अनेकदा छुपे स्टेरॉइड असते. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे. या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर आणि कबड्डीचे नामवंत खेळाडू होते, आणि त्यांनी ज्या शोषणाविरुद्ध प्राण दिले ते शोषण आजही समग्र आरोग्याच्या नावाखाली नव्या वेष्टनात विकले जाते.

विज्ञानाच्या कसोटीवर उतरलेल्या गोष्टींकडे पाहिले तर एक बाब ठळकपणे दिसते. व्यायाम, संथ श्वास, पुरेशी झोप, मोजके अन्न, विचारांची तपासणी आणि माणसांची सोबत, यांतली एकही गोष्ट बाटलीत भरून विकता येत नाही. समग्र आरोग्याच्या नावाखाली जे विकले जाते, तेच बहुतेकदा कसोटीवर उतरत नाही. औषधे आणि ही शिस्त यांच्यात वैर नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने ती चालू ठेवूनच चालायला जावे, आणि गोळीचा डोस कमी करायचा की नाही, हे डॉक्टरांनी मोजमाप पाहून ठरवावे.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत तालमींच्या इमारती आजही उभ्या आहेत, त्यांना जागा आहे, कार्यकर्ते आहेत आणि गल्लीचा विश्वास आहे. या इमारतींतील काही तास स्त्रियांसाठी आणि ज्येष्ठांसाठी राखून ठेवावेत, महिन्यातून एकदा रक्तदाब व साखर तपासण्याची सोय तेथेच करावी, जुन्या पैलवानांनी बैठका आणि तोल सांभाळण्याचे साधे व्यायाम शिकवावेत, आणि इंजेक्शनाची सुई तालमीच्या उंबऱ्याबाहेर राहील याची शपथ प्रत्येक वस्तादाने आपल्या पठ्ठ्यांकडून घ्यावी. महापालिका, डॉक्टरांच्या संघटना आणि तालीम मंडळे यांनी एकत्र बसून हे ठरवले, तर त्यासाठी फार पैसा लागणार नाही. आणि ज्या वाचकांच्या गल्लीत अशी तालीम आहे, त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा, अशी आग्रहाची विनंती आहे.